मोडीत न गेलेलं

आजीच्या पेटीचं झाकण उघडलं की आधी वास यायचा. पेटी चंदनाची, पण चंदन केव्हाच विरून गेलेलं. उरला होता तो कापूर, जुनं खोबरेल आणि बंद कपाट यांचा मिळून होतो तो वास. पेटी वीतभर लांब आणि चार बोटं उंच. झाकणावर आणि चारी अंगांना बारीक चांदण्यांची नक्षी: पांढरी, हिरवी, काळी, तांबूस, आणि मधे मधे चमकून जाणारा एक करडा ठिपका. आत कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, लाकडी फणी आणि अंबाड्याचे आकडे. आम्हा भावंडांना वाटायचं की नक्षी रंगवलेली आहे. खात्री करायला मी एकदा कोपऱ्यातली एक चांदणी नखानं उकरली, तर ती अख्खी हातात आली. आजीनं पाठीत धपाटा घातला. "रंग नाही तो. हाड आहे, हाड!" म्हणाली आणि तुकडा माझ्या हातातून काढून घेऊन कुठंतरी ठेवून दिला. कुठं ठेवला, ते कळायला मला चाळीस वर्षं लागली.

पेटी सुरतेची. आजोबा रेल्वेत होते आणि काही वर्षं उधन्याला होते. खानदेशातल्या, विशेषतः नंदुरबारकडच्या माणसाला मुंबईपेक्षा सुरत जवळ. तापीच्या काठाकाठानं जाणारा तो रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाला आणि खानदेशाचं एक दार गुजरातेत उघडलं. आजही उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत फिरताना अहिराणी कानावर पडते. यंत्रमागांनी बोलावून घेतलेली ही माणसं. आजी-आजोबा त्यांच्या आधीचे. बदली होऊन सुरत सोडताना शेजारच्या पारशीणबाईंनी आजीला ही पेटी दिली, एवढाच तिचा इतिहास घरात सांगितला जायचा.

गेल्या हिवाळ्यात पेटी पिशवीत घालून मी मुंबई सेंट्रलहून संध्याकाळची फ्लाइंग राणी पकडली. सुरतेतल्या जुन्या घरांत वापरातल्या, शोभेच्या आणि अंगावर बाळगायच्या कोणत्या वस्तू होत्या, त्यांतल्या कोणत्या उरल्या आणि त्याच का उरल्या, हे पाहायचं होतं. सोन्यानाण्याचं गाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या शहरात मी हाडाची पेटी घेऊन निघाले होते.

वितळवणारं शहर

मराठी माणसाला सुरत म्हटलं की 1664 आठवतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शिवाजी महाराज सुरतेवर आले, चार दिवस शहर लुटलं आणि परतले. 1670 च्या ऑक्टोबरात पुन्हा आले. विरजी व्होरा, हाजी जाहिद बेग ही त्या काळच्या धनाढ्य व्यापाऱ्यांची नावं आपल्याला शाळेपासून ओळखीची. फ्रान्स्वा बर्निये या फ्रेंच वैद्य-प्रवाशानं लिहून ठेवलं आहे की कॅपुचिन पाद्री अँब्रोज यांच्या मठाला आणि डच कंपनीच्या एका दानशूर दिवंगत दलालाच्या घराला महाराजांनी हात लावू दिला नाही. पहिल्या लुटीच्याच वर्षी, नोव्हेंबरात, मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. राज्य उभं करायला नाणं लागतं. घरातली थाळी लुटारूच्या हाती लागो की राजाच्या, ती थाळी म्हणून फार दिवस जगत नाही.

हे मात्र फक्त लुटीपुरतं खरं नाही. वितळवणं हा सुरतेचा रोजचाच धंदा होता. सतराव्या शतकात ही मुघलांच्या मोठ्या टांकसाळींपैकी एक. अमेरिकेतल्या खाणींतली चांदी स्पॅनिश रिआल नाण्यांच्या रूपानं युरोपात यायची, तिथून इंग्रज आणि डच जहाजांतून तापीच्या मुखाशी उतरायची. या देशात रिआल चालत नसे. तो मुशीत जायचा आणि रुपया होऊन बाहेर पडायचा. औरंगजेबाच्या काळातल्या सुरती रुपयांवर या शहराचं नाव 'बंदर-ए-मुबारक' असं येतं, म्हणजे शुभ बंदर. सुरती रुपयाची पत अशी की पुढं ईस्ट इंडिया कंपनीनं मुंबईच्या टांकसाळीत रुपया पाडला तरी त्यावर नाव सुरतेचंच ठेवलं.

ज्या गावाची श्रीमंती अशी वितळवण्यावर उभी, तिथं चांदीचं पानदान किंवा सोन्याची डबी ही वस्तू कमी आणि ठेव जास्त असते. नड आली की सोनाराकडं. मुलीचं लग्न निघालं, मोडा. धंद्यात खोट आली, मोडा. आपल्याकडंही वेगळं काय होतं? "मोडून दुसरं करू" हे वाक्य ज्या मराठी घरात उच्चारलं गेलं नाही असं घर सापडायचं नाही. 1962 च्या चीन युद्धात राष्ट्रीय संरक्षण निधीला बायकांनी अंगावरचं सोनं उतरवून दिलं, त्यातल्या कित्येक पाटल्या-बांगड्या आजेसासूकडून आलेल्या होत्या. देण्याचं मोल मोठंच होतं. पण घडण गेली ती गेलीच. सोनं तोळ्यावर मोजतात, घडणावळीला मोडीत किंमत नाही.

आग, पाणी आणि एक कलेक्टर

मग लाकूड तरी टिकलं असेल असं वाटतं. सुरतेची जुनी घरं लाकडाची: कोरीव खांब, कोरीव दारं, पुढं आलेले सज्जे. एप्रिल 1837 मध्ये एका घरात उकळत्या डांबराचं भांडं उलटलं आणि आग लागली. नऊ हजारांहून अधिक घरं खाक झाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तापीला पूर आला. या दोन तडाख्यांनंतर अनेक पारशी आणि वाणी घराण्यांनी मुंबईचा रस्ता धरला, आणि सोबत जे उचलून नेता येईल ते नेलं. तापीनं त्यानंतरही शहराला सोडलेलं नाही. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यात शहराचा मोठा भाग बुडाला. आगीत सोनं टिकतं आणि लाकूड जातं. मुशीत लाकूड टिकतं आणि सोनं जातं. रेशमाची वैरी त्याची घडी, कागदाची वैरी वाळवी आणि हस्तिदंताचा, पुढं दिसेल त्याप्रमाणे, कायदा. ज्याचा त्याचा वैरी वेगळा.

म्हणून कुठल्याही संग्रहासमोर उभं राहिल्यावर मला आधी वस्तू सुंदर दिसत नाही. आधी प्रश्न पडतो की ही वाचली कशी?

सुरतेचं संग्रहालय 1890 चं. तेव्हाच्या इंग्रज कलेक्टरच्या नावानं ते विंचेस्टर म्युझियम म्हणून सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर त्याला सरदार वल्लभभाई पटेलांचं नाव मिळालं. बरीच वर्षं ते सोनीफळियात होतं, आता सिटी लाइट भागातल्या सायन्स सेंटरच्या आवारात आहे. दहा हजारांहून अधिक वस्तू त्याच्या दप्तरी आहेत: चिनी मातीची भांडी, तांब्या-पितळेचं सामान, कोरीव लाकूड, वस्त्रं, नाणी, हस्तलिखितं, लघुचित्रं. जुन्या शहरातल्या वस्तू पाहायला शहराच्या नव्या, रुंद रस्त्यांच्या भागात जावं लागतं, आणि तेही तारांगण नि विज्ञानाची यंत्रं पाहायला आलेल्या शाळकरी पोरांच्या रांगेतून. पोरं धावत पुढं जातात. कुणी एखादी मुलगी काचेला नाक लावून उभी राहते आणि बाई तिला हाताला धरून ओढून नेतात. मला ती मुलगी आवडते. तिला बहुधा घरी अशी एखादी वस्तू माहीत असते.

चिनी मातीची भांडी इथं असणारच. पारशी व्यापाऱ्यांची जहाजं कँटनला जायची, तेव्हा कापूस-अफूच्या बदल्यात आलेल्या मालात बरण्या, बशा, फुलदाण्या होत्या आणि रेशमावर पक्षी-फुलं भरलेले गारे होते. पारशी बायकांच्या गाऱ्याच्या साडीचं मूळ तिकडचं. तनछोई हे रेशमी कापडही चीनहून शिकून आलेल्या विणकरांनी सुरतेत रुजवलं. एक लक्षात येतं, की चिनी मातीची बरणी फुटते पण मोडीत जात नाही. फुटली नाही तर ती शंभर वर्षं लोणचं सांभाळत बसते. आपल्या स्वयंपाकघरातली सगळ्यात जुनी वस्तू बरेचदा लोणच्याची बरणी निघते ती यामुळेच.

चिरोट्याची कापं

आजीच्या पेटीवरच्या कामाला सुरतेत सादेली म्हणतात. पेट्या करणाऱ्या पारशी घराण्यांचं आडनावच पेटीगरा. हीच कला इराणात शिराझ-इस्फहानला खातमकारी या नावानं चालते. तिथून ती सिंधमार्गे सुरतेत आली आणि सुरतेतून मुंबईला गेली, अशी नोंद जॉर्ज बर्डवूड यांनी 1880 च्या आपल्या भारतीय उद्योगकलांवरच्या ग्रंथात केली. मुंबईत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम उभं करण्यात ज्यांचा हात होता तेच हे बर्डवूड. ते संग्रहालय 1872 साली लोकांसाठी उघडलं आणि 1975 पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावानं ओळखलं जातं. भायखळ्याला राणीच्या बागेत गेलात तर पिंजऱ्यांकडं वळण्याआधी तिथं डोकवा. एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांच्या बोटांचा संग्रह आहे तो.

सादेली कशी करतात हे सांगायला दिवाळीपेक्षा चांगली वेळ नाही, कारण ती चिरोट्यासारखी करतात. चिरोट्याला आपण पोळ्या एकावर एक ठेवतो, मधे साटा लावतो, घट्ट गुंडाळी करतो आणि मग आडवी कापं काढतो. नक्षी वरून काढलेली नसते. ती गुंडाळीच्या पोटात असते आणि सुरी फिरली की प्रत्येक कापात तीच दिसते. सादेलीत पोळ्यांच्या जागी काड्या असतात. हस्तिदंताच्या पांढऱ्या काड्या, हिरव्या रंगात मुरवलेलं हस्तिदंत किंवा सांबरशिंग, काळं आबनूस, तांबूस पतंगाचं लाकूड, पिवळसर चंदन आणि कथलाची तार. प्रत्येक काडी कानशीनं घासून तिकोनी किंवा गोल करायची. मग त्या सरसात बुडवून अशा रचायच्या की टोकाकडून पाहिलं तर चांदणी किंवा षट्कोन दिसावा. दोऱ्यानं आवळून वाळवायच्या. वाळलेल्या जुडीची करवतीनं आडवी, नखाएवढ्या जाडीची कापं काढायची आणि ती पेटीच्या सांगाड्यावर शेजारी शेजारी चिकटवून घासून एकसारखी करायची. एका जुडीतून एकसारख्या पुष्कळ चांदण्या निघतात. काम सोपं होतं असं मात्र नाही, कारण सगळी अक्कल काड्या रचतानाच खर्ची पडते. एक काडी केसभर सरकली तर सगळ्याच चांदण्या वाकड्या.

त्या काळच्या नोंदींत नमुन्यांची नावंही सापडतात. तीनकोनिया गूल, चोरस गूल, आणि काठाला लावायची एकदाणी, म्हणजे एकेरी मण्यांच्या सरासारखी पट्टी. एकदाणी हा शब्द वाचून मी आजीची पेटी पुन्हा पाहिली. काठाला खरंच एकेका दाण्याचा सर आहे. इतकी वर्षं मी त्याला नुसता काठ समजत होते.

पेटीवर जो करडा ठिपका चमकतो, ते कथील. पेटीतला धातू म्हणजे तेवढाच, आणि त्याला मोडीत कोण विचारतो? हस्तिदंताच्या काड्या इतक्या बारीक की सुट्या करून विकाव्यात तर मजुरीही निघायची नाही. अशी ही पेटी. सोनाराला नको, कासाराला नको, भंगारवाल्याला तर नकोच. ती वाचली याचं अर्धं श्रेय या नकोपणाला आहे.

उरलेलं अर्धं श्रेय साहेबाला. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून मायदेशी जाणाऱ्या इंग्रजांनी या पेट्या भरभरून नेल्या. लंडनच्या 1851 च्या मोठ्या प्रदर्शनात त्या मांडल्या गेल्या आणि तिकडं त्यांना 'बॉम्बे बॉक्स' हे नाव पडलं. सुरतेची कला, नाव मुंबईचं. शिवणाच्या पेट्या, हातमोज्यांच्या पेट्या, भेटकार्डांच्या चपट्या डब्या, उतरत्या झाकणाच्या लेखनपेट्या हे सगळं साहेबाच्या गरजेनं घडलेलं सामान. आपल्याकडं हातमोजे कोण घालतो? आजीच्या पेटीची लांबी पाहता तीही मुळात हातमोज्यांचीच असावी असा मला दाट संशय आहे. मडमेच्या हातमोज्यांसाठी केलेली, पारशिणीच्या घरी राहिलेली आणि शेवटी खानदेशी बाईच्या कुंकवाचा करंडा सांभाळणारी पेटी. वस्तूला मालक बदलण्याची लाज नसते.

पैठणीतली सुरत

मुशीत गेलेल्या वस्तूंची गोष्ट सांगितल्याशिवाय मुशीतून वाचलेल्यांची किंमत कळणार नाही. आपल्या घरात सुरत सगळ्यात जास्त कुठं असेल तर ती पैठणीत. येवल्याचा माग पैठणी विणतो, पण पदराची जर बहुतकरून सुरतेची. जरीचं काम या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे आणि सुरतेच्या जरीला भौगोलिक मानांकनही आहे.

जुन्या पद्धतीत चांदीच्या कांडीवर सोन्याचा पत्रा चढवत, तापवून तो एकजीव करत आणि मग ती कांडी जंतराच्या एकाहून एक बारीक भोकांतून ओढत नेत. भोक बारीक होत जाई तशी तार लांबत जाई, आणि नवल असं की शेवटच्या केसासारख्या तारेवरही सोन्याचा मुलामा अंगभर राही. ती तार चेपून चपटी केली की बादला. पिवळ्या रेशमाच्या धाग्यावर बादला गुंडाळला की कलाबतू. आजच्या बहुतेक जरीत चांदीच्या जागी तांबं असतं, त्यावर विजेनं चढवलेला मुलामा, आणि त्याहून स्वस्त म्हणजे चमकणारा प्लास्टिकचा धागा. विणकराला दोष देऊन उपयोग नाही. खऱ्या जरीची पैठणी घ्यायची ऐपत किती घरांत आहे?

पण जुन्या खऱ्या जरीचा घात तिच्या खरेपणानंच केला. जुनी पैठणी, जुना शालू विकत घेणारे अजूनही पेठांमधून फिरतात. ते साडी घेतात ती नेसायला नाही. रेशीम जाळून टाकतात आणि राखेतून चांदी काढतात. पदरावरचे मोर, काठावरची नारळी, एका पिढीनं नेसलेलं आणि दुसरीनं घडी बदलत जपलेलं वस्त्र अर्ध्या तासात वजनकाट्यावरचा आकडा होतं. माझ्या ओळखीच्या एका घरातला पणजीचा शालू असाच गेला. त्या पैशातून मिक्सर आला आणि मिक्सर सहा वर्षं टिकला. यात मी कुणाला हसत नाही. त्या वर्षी त्या घराला मिक्सरचीच गरज होती. एवढंच म्हणायचं आहे की सुताची साडी फाटली तर तिची गोधडी होते आणि गोधडीच्या पोटात साडी राहते. जरीची साडी मात्र संपली की पूर्णच संपते.

तबक, सेस आणि कचकडा

सुरतेच्या जुन्या वस्तू पाहताना मला सारखं आपलं घर दिसत राहिलं. पारशी घरात शुभकार्याला सेस लागते. चांदीचं मोठं ताट, त्यात कुंकवाची पिगानी, गुलाबपाण्याचा उंच मानेचा गुलाबाज, साखरेचं शंकूसारखं पात्र. लग्न, मुलांचा दीक्षाविधी म्हणजे नवजोत, बाळाचा पहिला वाढदिवस, काहीही असो, सेस समोर असते. मराठी लग्नातलं तबक त्याहून काय निराळं? गुलाबदाणी, अत्तरदाणी, कुंकवाचा करंडा, पानसुपारी. मांडव वेगळा, देव वेगळे, पण पाहुण्याचं स्वागत करताना त्याच्या अंगावर चार सुगंधी थेंब शिंपडायचे, ही रीत दोघांकडं एकच आणि तिच्यासाठी घडलेली वस्तूही जवळजवळ एकच. दोन्ही घरांत ही भांडी टिकली, चांदीची असूनही टिकली, कारण मोडली तर पुढच्या कार्याला लागणार होती. धातूला मुशीपासून वाचवणारी सगळ्यात खात्रीची गोष्ट म्हणजे विधी.

विधीच मारतो असंही एक उदाहरण याच शहरातलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हस्तिदंत गुजरातच्या बंदरांत यायचं आणि त्यातलं पुष्कळसं नवरीच्या चुड्यांसाठी लागायचं. कोपरापर्यंत हस्तिदंती चुडे. नवरा गेला की ते फोडायचे. म्हणजे ज्या विधीनं हस्तिदंताला वस्तू केलं त्यानंच तिचे तुकडे केले. संग्रहालयात असा जुना चुडा धड दिसला तर मी थबकते. तो धड आहे याचा अर्थ ती सवाष्ण गेली असणार, किंवा तिनं तो फोडू दिला नाही.

शब्दही कधी कधी मोडीत न गेलेल्या वस्तूंसारखे असतात. आपण कचकड्याची बाहुली म्हणतो आणि डोळ्यांसमोर सेल्युलॉइडची गुबगुबीत बाहुली आणतो. कचकडं म्हणजे मुळात कासवाच्या पाठीचं कवच. त्याच्या फण्या, डब्या, पेट्यांचे पत्रे व्हायचे. दिसायला तसंच, पण स्वस्त असं सेल्युलॉइड आलं आणि शब्द त्याच्याकडं गेला. वस्तू बदलली, पण शब्द वाचला. एवढा भाग्याचा सौदा क्वचितच होतो.

शिंपल्याचंही तसंच. सोळाव्या-सतराव्या शतकात गुजरातेत शिंपल्याच्या तुकड्यांनी मढवलेल्या पेट्या, तबकं, पात्रं घडत आणि या किनाऱ्यावरून युरोपला जात. जर्मनीत ड्रेस्डेनच्या राजखजिन्यात अशी गुजराती पात्रं आजही आहेत. तिकडच्या सोनारांनी त्यांना चांदी-सोन्याची कोंदणं चढवली. आमच्या शिंपल्याला त्यांनी सोन्यात बसवलं म्हणून तो शिंपला चारशे वर्षं टिकला. इथं राहिला असता तर बहुधा कोंदण मोडीत आणि शिंपला उकिरड्यावर गेला असता.

कायद्याच्या कक्षेत

आता हस्तिदंताच्या वैऱ्याकडं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 1986 च्या दुरुस्तीनं भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला आणि 1991 च्या दुरुस्तीनं आफ्रिकेतून येणाऱ्या दाताचाही. योग्यच झालं. ज्यासाठी हत्ती मारावा लागतो तो शौक संपायलाच हवा होता. पण त्यामुळे सादेलीचा कच्चा मालच गेला. आजच्या सादेलीत पांढऱ्या काडीच्या जागी प्लास्टिक असतं, लाकूड पूर्वीसारखंच. ब्रिटनचा हस्तिदंतविषयक कायदा 2018 चा, तो जून 2022 मध्ये अमलात आला. तिथं 1947 पूर्वीच्या वस्तूत हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असेल तर नोंदणी करून ती विकता येते. सादेलीच्या कित्येक पेट्या या फटीतून सुटतात, कारण त्यांत हस्तिदंत आहे पण चिमूटभर. पुन्हा तोच चिमूटभरपणा कामाला आला.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला आपल्याकडं पुरावशेषांचा 1972 चा कायदा आड येतो. तरीही सादेली अलीकडं परदेशात गेली, आणि राजमान्यतेनं गेली. नोव्हेंबर 2022 मध्ये बाली इथं जी-20 परिषद झाली, तिथं भारताच्या पंतप्रधानांनी इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांना पाटणचा पटोला दिला आणि तो सुरतेच्या सादेली पेटीत ठेवून दिला. बातम्यांत पटोला मोठा आणि पेटी छोटी होती. पेटीच्या नशिबी पुन्हा दुसऱ्याची वस्तू सांभाळणंच आलं.

चष्म्याच्या दुकानातला माणूस

या सगळ्यात आपल्याकडचा एक माणूस मला सारखा आठवत होता. दिनकर गंगाधर केळकर, 1896 ते 1990. पुण्यात चष्म्याचं दुकान, अज्ञातवासी या नावानं कविता. 1920 च्या सुमाराला त्यांनी घरगुती वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहाला दिलं. 1975 मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. बाजीराव रस्त्यावरच्या त्या वाड्यात सुमारे वीस हजार वस्तू आहेत आणि मांडायला जागा त्यांतल्या थोड्यांनाच.

केळकरांनी काय जमवलं ते पाहा. अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्र्या, दौती, कुलपं. बहुतेक पितळ, तांबं, लोखंड, लाकूड. म्हणजे नेमक्या त्या वस्तू ज्या बोहारणीच्या टोपलीत किंवा कासाराच्या मोडीच्या ढिगात जायच्या. मोराच्या आकाराचा अडकित्ता आणि साधा अडकित्ता यांना मोडीच्या तराजूत एकच भाव. केळकरांनी तराजू बदलला, एवढंच केलं, आणि त्याला सत्तर वर्षं लागली. त्यांच्या मागं पत्नी कमलाबाई उभ्या होत्या. घरात खायला काय आहे हे न पाहता नवरा गंजका दिवा घेऊन येतो, तेव्हा दार उघडणारीही त्या संग्रहाची अर्धी मालकीण असते.

सुरतेत जुन्या वस्तूंच्या दुकानांतून हिंडताना मला वाटलं की केळकर आपल्याला पुण्यातच लाभले हे पुण्याचं भाग्य, पण छोटे केळकर घरोघर असतात. कुणी ते मान्य करत नाही. "असू दे, पडलंय कपाटात," असं म्हणतात.

पुडी

शेवटच्या दिवशी एका सादेली कारागिराला पेटी दाखवली. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, पेटी उलटी केली, कड बोटानं चाचपली. "बेन, आ तो जूनुं काम छे," म्हणाला. मग हिंदी-गुजराती मिसळत त्यानं सांगितलं की वरची पट्टी काढून प्लास्टिकची नवी लावली तर नव्यासारखी दिसेल, आणि पडलेले तुकडे असतील तर तेच बसवता येतील. मी म्हटलं, तुकडे नाहीत. त्यानं उत्तर दिलं नाही. आतल्या लाल मखमलीच्या अस्तराखाली सुरीचं पातं सरकवलं आणि तळाचा पुठ्ठा उचलला.

खाली वर्तमानपत्राच्या पिवळ्या कागदाची पुडी होती. "जुन्या पेटीत असतेच," तो म्हणाला. पुडीत सात-आठ तुकडे, एकदाणीचे चार दाणे, आणि एक अख्खी चांदणी. वर्तमानपत्र मराठी होतं.

त्यानं कथलाचा काळवंडलेला ठिपका पुसला, सरसाची वाटी गरम केली आणि एकेक तुकडा चिमट्यानं जागेवर बसवला. तासाभराचं काम. दोन दाणे कुठंच बसले नाहीत, ते पुन्हा पुडीत बांधून त्यानं तळाशी ठेवून दिले. तसंच ठेवायचं असतं, असं त्याचं म्हणणं.

कोपऱ्यातली ती चांदणी आता जागेवर आहे. पण इतक्या वर्षांत खालचं लाकूड आकसलं आणि हाड होतं तेवढंच राहिलं, त्यामुळे ती पापुद्र्याएवढी वर आली आहे. डोळ्यांना दिसत नाही. बोट फिरवलं की लागते.